काचेमागची मान

सोमवार, ३
आज रुजू झाले. कारखाना कपडे धुण्याचा. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी इथे येतात, धुऊन, वाफेच्या रुळांतून इस्त्री होऊन परत जातात. वाफ, दाब आणि सगळी मोजमापं माझ्याकडे. पहिली नोकरी आणि खिडकीजवळचं टेबल! आईला फोन केला तर म्हणाली, तोंड जरा आवर, बाकीचं आपोआप होईल. बॉयलर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी चहा पाजला आणि विचारलं, एवढीशी पोर एवढ्या मोठ्या भांड्याला काय शिकवणार? मी म्हटलं, भांड्याला नाही, तुम्हाला. खोकला येईपर्यंत हसले. बॉयलर चांगला ठेवला आहे. फक्त दाब वाढला की आपोआप उघडणारी सुरक्षा झडप अडकते. ती बदलायला हवी. ही वही कोटाच्या खिशातच ठेवणार.

गुरुवार, ६
इथल्या व्यवस्थापनाची रीत कळली. दालनाच्या टोकाला जिना, जिन्यावर काचेची केबिन, केबिनमध्ये साहेब. साहेब बोलत नाहीत, खाली उतरत नाहीत. मान हलवतात. यंत्र सुरू करायचं तर वर बघायचं. मान हलली की बटण. चादरींचा ढीग उचलायचा, वर बघायचं. पाणी प्यायला जायचं, वर बघायचं. नंदीबैलालाही लोक असंच विचारतात, पण तो निदान दारोदार फिरण्याचे कष्ट घेतो. केबिनच्या भिंतीवर ‘उत्कृष्ट नेतृत्व’ अशी ढाल आहे.

आज मामांची लेक दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती. मामा काचेखाली जाऊन उभे राहिले. मान हलली नाही. परत येऊन दाबाचा काटा बघत बसले. मी म्हटलं, जा की, पाय तुमचेच आहेत ना? म्हणाले, तुला अजून सवय नाही, पोरी.

झडपेचा अहवाल लेखी पाठवला. मी काही काचेखाली उभी राहणार नाही.

बुधवार, १२
उकाडा वाढलाय. केबिनमध्ये फिरता पंखा आला, आणि त्या वाऱ्यासोबत साहेबांना माणुसकीही सुचली म्हणायची. मागेल त्याला होकार. मामा नातवाला बघून आले, दिवसभर त्याच्या नाकाचं वर्णन चाललं होतं. कारकून मावशी म्हणाल्या, वय झालं की माणूस मऊ पडतोच. माझ्या अहवालाला उत्तर नाही. भांडारवाला कागद बघायलाही तयार नाही. म्हणतो, ताई, कागद कशाला, मान आणा.

सोमवार, १७
गेले शेवटी. झडप आता जवळजवळ उघडतच नाही, मामांना दर वेळी चाक फिरवून हाताने वाफ सोडावी लागते. काचेखाली उभी राहिले. झडपेचं सांगितलं. मान हलली.

लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे बरं वाटलं. बाईंनी वर्गात पाठ थोपटल्यासारखं. नवी झडप शनिवारी येईल.

दुपारी डबा उघडण्याआधी मी वर बघितलं.

गुरुवार, २०
मुख्य कार्यालयातून बडे अधिकारी आले. साहेबांसमोर बसून बराच वेळ बोलले. बाहेर येऊन आम्हाला सांगितलं की इतकं शांतपणे ऐकून घेणारा व्यवस्थापक त्यांनी आजवर पाहिला नाही, सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे. हे सांगताना रुमाल नाकाशी होता.

म्हणून मी वर गेले. जिन्यात मावशी अत्तर शिंपडत होत्या.

साहेब मेलेले आहेत. आज-काल नव्हे, बरेच दिवस झाले असणार. खुर्चीची स्प्रिंग ढिली आहे. पंखा फिरत समोर आला की वाऱ्याने खुर्चीची पाठ मागे रेलते, पंखा वळला की पुढे येते, मान खाली जाते. एवढंच. मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग? काम चाललंय ना?

म्हणजे सोमवारी मी —

पोलिसांना फोन करायचा. फोन हातात घेतला. नंबर लावण्याआधी वर बघितलं. फोन ठेवून दिला.

शुक्रवार, २१
आज आल्या आल्या वर गेले आणि डोळे मिटून पंख्याची वायर ओढून काढली. उघड्या डोळ्यांनी जमलं नसतं.

शुक्रवार, जरा वेळाने
सगळं थांबलं. रूळ थांबले. अर्धी चादर आत, अर्धी बाहेर, ती धरणारी तशीच उभी. सगळ्यांचे चेहरे वर. मी ओरडले, साहेब मेलेत, घरी जा. मागून कुणी तरी हळूच म्हणालं, ताई, शू, साहेब विचार करतायत.

रूळ वाफ घेत नाहीत. दाब चढतोय. मामांचा हात चाकावर आहे. फिरवा, मामा. डोळ्यांतून पाणी येतंय त्यांच्या. फिरवत नाहीत.

मीच फिरवते

हात चाकापर्यंत जातो. पुढे नाही.

इंधन बंद करायचं बटण शेजारीच आहे. तेही — नाही. पायसुद्धा.

लिहिता येतंय. या वहीसाठी कुणाला कधी विचारलं नव्हतं.

काटा लाल रेषेवर. मामा म्हणतात, नातू उद्या घरी येणार आहे.

वर बघणार नाही. वर बघणार ना—

पंखा बंद आहे. वायर माझ्या खिशात आहे.

मान हलतेय.

वर-खाली नाही. आडवी. सावकाश. पुन्हा आडवी

मामांनी चाकावरून हात काढला. मीही माझा