मागं चार अंश खाली

उमरगा
बुधवार, ९ एप्रिल १९८६

प्रिय आबा,

जय भीम. आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. शनिवार, २२ मार्च. आमच्या सहकारी संस्थेच्या जीपमधलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. काम माझ्याकडं होतं. इंजिनाची मागची बाजू चार अंश खाली ठेवली. रजिस्टरात तशी नोंद आहे, सही माझी.
२. रविवार, २३ मार्च. वर्कशॉप बंद. तुम्ही गावाहून, ईटहून, मला भेटायला आला होतात.
३. सोमवार, २४ मार्च. जीप बाहेर पडली. वेग घेतला की थरथरते, असं ड्रायव्हर उत्तरेश्वर म्हणाला. मी तपासायला मागितली. फोरमन माणिकप्पा म्हणाले, 'डिझेल हाय, थरथरणारच.' गावोगावचे बोअरचे पंप बंद पडलेले, दुरुस्तीला जायला हीच गाडी, ती थांबवता येणार नव्हती.
४. बुधवार, २ एप्रिल. नळदुर्गच्या पुढं ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर चढताना, इंजिनाकडून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याचा सांधा तुटला. सुटलेल्या दांड्यानं ब्रेकची नळी तोडली. जीप मागं घसरून कलंडली. उत्तरेश्वरची डावी मांडी मोडली.
५. शनिवार, ५ एप्रिल. दोष माझ्यावर ठेवला. सोमवार, २१ एप्रिलला कमिटीपुढं सुनावणी आहे. नोकरी राहील की जाईल ते त्या दिवशी ठरेल. तोवर मी हत्याराला हात लावायचा नाही. मी स्टोअरच्या खिडकीत बसून नटबोल्ट देते.

शनिवारी खोलीत सातजण होते. मी इंजिन वाकडं बसवलं, असं मला सांगण्यात आलं. मी म्हणाले, रजिस्टर बघा. चेअरमन म्हणाले, 'त्यातच तर लिवलंय बाई, चार अंश वाकडं.' मग माणिकप्पांकडं वळून म्हणाले, 'डिप्लोमा सवलतीत मिळतो, हात कुठं मिळतोय सवलतीत.' दोघंतिघं हसले. चार वर्षांत माझ्या हातून गेलेली एकही गाडी परत आलेली नाही, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आबा, ते चार अंश मी ओळंबा आणि कोनमापक घेऊन तीनदा मोजले होते. जीपच्या मागच्या चाकांच्या आसाचं तोंड चार अंश वर बघतं. म्हणून इंजिनाची मागची बाजू तेवढीच खाली बघायला हवी. दोन्हीकडं कोन सारखा असला की दांड्याच्या एका टोकाचा हिसका दुसरं टोक गिळून टाकतं. इंजिन सपाट केलं की तो हिसका उरतो आणि फेऱ्याफेऱ्याला सांधा खात राहतो. खडकाळ वाटेवर नऊ दिवस पुरले.

जीप ओढून आणली तेव्हा मला उघडू दिली नाही. मी नुसतं खाली वाकून पाहिलं. गिअरबॉक्सच्या बैठकीखाली दोन लोखंडी पट्ट्या होत्या. मी तिथं एकही घातली नव्हती. त्यांनी इंजिनाची मागची बाजू उचलून ते सपाट केलं होतं. दोन्ही पट्ट्यांचे चारही कोपरे कानस मारून गोल केलेले होते.

मी सहा वर्षांची असताना तुमच्या पिशवीतल्या पट्टीनं माझं बोट कापलं. त्यानंतर तुम्ही कोपरे न घासता एकही पट्टी वापरली नाही. भूम तालुक्यात ज्या विहिरीवर तुम्ही इंजिन बसवलं, तिथल्या इंजिनाच्या पायाशी तशाच पट्ट्या असतात. इंजिन बसलं की त्यावर तुमचा पितळी पेला ठेवायचा, आणि पाणी मी भरायचं. पाणी सगळ्या बाजूंनी काठाला सारखं लागलं की तुम्ही म्हणायचात, 'बसलं बघ, मुक्ते.' तो पेला तुम्ही घरून का न्यायचात, हे मला फार पुढं कळलं. विहिरीवर प्यायला भांडं कुणी देत नव्हतं. तुम्ही त्याचं हत्यार केलंत, पण का नेता ते मला कधी सांगितलं नाहीत.

रविवारी वर्कशॉपात कोण आलं होतं, असं वॉचमन तात्यारावांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, 'तुमचे आबा घंटाभर आत व्हते. इंजनावर पेला ठिवून बगत व्हते. म्हनले, पोरीचं जरा चुकलंय, उद्या लोक हसतील.' मग हात जोडून म्हणाले, 'माजं नाव घिऊ नका ताई, सुट्टीचं कुलूप म्या काढलं.' मी घेणार नाही.

विहिरीवरचं इंजिन सपाटच हवं, ते तुमचं बरोबर. जीपचं नको. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, याचा मला राग नाही. पण रजिस्टर तिथंच बाकावर उघडं होतं. तुम्हाला वाचता येतं. माझी खोली चालत दहा मिनिटांवर होती. दुपारी तुम्ही माझ्यासमोर बसून भाकरी खाल्लीत, उत्तरेश्वर मोटार कशी चालवतो ते विचारलंत, आणि एक शब्द बोलला नाहीत. तुम्हीसुद्धा माझं लिहिलेलं सोडून पेल्यावर विश्वास ठेवलात. खोलीतल्या सातजणांपेक्षा मला ते जास्त लागलं.

आणि काल तुमचं कार्ड आलं. 'मोठ्या लोकांशी वाद नको. माफी मागून मोकळी हो.' कशाची माफी मागू? मी बरोबर मोजलं याची? माफी मागितली तर माझ्यानंतर इथं येणाऱ्या मुलीला ते स्टोअरच्या खिडकीतच बसवतील. उत्तरेश्वरच्या बायकोला, द्वारकाबाईंना, मी दवाखान्यात रोज भेटते. त्या मला काही विचारत नाहीत. विचारलं तर काय सांगू, हे तुम्हीच ठरवा.

कमिटीपुढं मी तुमचं नाव घेणार नाही. ते तुम्हीच घ्यावं, यासाठी हे पत्र लिहिलं. सोबत संस्थेचा पत्ता घातलेला कोरा कागद आहे. त्यावर एवढंच लिहा की २३ मार्चला पट्ट्या तुम्ही घातल्या, मला न सांगता. खाली पूर्ण नाव आणि सही करा. लिहायचं नसेल तर तसं कळवा. मी २१ तारखेला एकटी उभी राहीन, पण माफी मागणार नाही. जे असेल ते उत्तर शनिवार, १९ एप्रिलपर्यंत माझ्या हातात पडू द्या.

तुमचीच,
मुक्ता