घरासमोरची शाळा

८ जून
आलो एकदाचे प्रताप नगरात! अकरा घरं पाहिली. कुठे शाळा लांब, कुठे बाग नाही, कुठे रस्ता ओलांडताना जीव मुठीत. इथे सगळंच आहे. कोपऱ्यावर भाजीवाले, मागे बाग आणि अगदी समोर शाळा. उन्नती आता दुसरीत. घंटा वाजल्यावर निघालीस तरी पोचशील, म्हटलं तर खुदकन हसली. पंकजची नोकरी उमरेडलाच, तो रविवारी येईल. मला रामदासपेठेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम मिळालंय. घरमालकीण शोभाताई खालीच राहतात. त्यांनी आल्या आल्या तर्री-पोहे दिले.

१२ जून
प्रवेश अडला. शाळेतले बाबू रामाजी म्हणाले, या पत्त्यावर दुसरीत एक मुलगी आधीच आहे, सोनिका. आमच्या घरात उन्नतीच आहे, हे तीनदा सांगितलं. घरमालकाचं पत्र आणा म्हणाले.

१६ जून
पत्र नेलं. तर आता उन्नतीच्या जुन्या शाळेचा शिक्का हवा. हे तेव्हाच सांगता आलं नसतं? अर्धी रजा गेली. ज्या शाळेसाठी घर घेतलं, तिच्याच दारात ताटकळायचं!

१९ जून
तिसरी फेरी. शिक्का नेला, तरी सोनिकाचं नाव आडवं. शेवटी शोभाताईंना विचारलं, ही सोनिका कोण. आधीच्या भाडेकरूंची मुलगी. तेही शाळा पाहूनच इथे आले होते. गेल्या वर्षी, शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, पोर तापानं गेली.
"शाळेचं तोंडही नाही पाहिलं वं तिनं," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.
तशीच शाळेत गेले. मेलेल्या मुलीचं नाव तरी काढा, म्हटलं. रामाजींनी गेल्या वर्षीचं हजेरीपुस्तक पुढे सरकवलं. सोनिका. वर्षभर, एकही दिवस न चुकता, हजर.
"नाव कसं कापू ताई? पोरगी रोज येऊन राहिली."
भांडून आले. कोण खोटं बोलतंय, कळत नाही.

३० जून
शाळा सुरू. नावाचा घोळ मिटेपर्यंत उन्नतीला वर्गात बसू द्यायला मोठ्या बाई तयार झाल्या. सुटका वाटली. पण घरी येऊन उन्नती म्हणाली, वर्गातल्या बाईंनी हजेरीत सोनिकाचं नाव घेतलं तेव्हा तिनंच "हजर" म्हटलं. काहून, विचारलं. बाई तिच्याकडेच पाहत होत्या म्हणे.

३ जुलै
वहीवर नाव सोनिका. अक्षर उन्नतीचं. खोडलं, तर रडली. हाक मारली तर वळत नाही.
पंकजला फोन केला, घर बदलू म्हणून. तो चिडला. इतकी जवळ शाळा परत मिळेल का, म्हणाला.

६ जुलै, दुपार
शाळा सुटली. उन्नतीचं दप्तर, उन्नतीचा गणवेश. मुलगी दुसरीच. माझं बोट धरलं. मी ओरडले. रामाजी म्हणाले, तुमच्या पत्त्यावर एकच पोरगी आहे ताई, घेऊन जा. माझी मुलगी आत आहे म्हटलं तर वर्ग उघडून दाखवला. रिकामा —
ती बोट सोडत नाही. घरी आलीय. वरणभात मागतेय.

साडेतीन
पंकजशी बोलले. म्हणाला, "कोण उन्नती? सोनिकाले दे न फोन."

चार
पुन्हा शाळेत जाते. उन्नती पंकज. वय सात. डाव्या भुवईवर — नाही, उजव्या — लिहून ठेवते, कारण मलाही आता तिचा चेहरा —