किलफर्न गावी सूर्यास्तापूर्वीचे जेवण

किलफर्न, स्कॉटलंड
१२ डिसेंबर १९३७

तीर्थस्वरूप जीवरामनाना यांच्या चरणी सुरेशचंदचा शिरसाष्टांग नमस्कार. असोद्याची केळी, तुमचा गुडघा आणि आमच्या आईचा खोकला, तिघांची खुशाली कळवावी. माझी पत्रे आईला तुम्हीच वाचून दाखवता, म्हणून अक्षर मोठे काढतो आहे.

इथल्या लोकरीच्या गिरणीत काम शिकतो. गाव चौदा घरांचे. भोवतीच्या डोंगरांत दोन-दोन चुलींच्या वाड्या, मध्ये नुसत्या मेंढ्या, आणि जूनमध्ये संध्याकाळ संपतच नाही. रात्री दहालाही डोंगर पिवळे असतात आणि आपण चालत राहतो. कुठे जायला निघालो होतो तेच विसरायला होते. (साहेबाच्या राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणतात, ते बहुधा याच गावाच्या भरवशावर.) पण आम्हा जैनांना सूर्य मावळल्यावर घास वर्ज्य, आणि निघताना मी आईला तसा शब्द दिलेला. असोद्यात हा नेम मोठा सोयीचा होता. दिवेलागण झाली की तुमचा आग्रहसुद्धा थांबायचा. इथे काय सांगणार? एका संध्याकाळी सात वाड्या फिरलो, सातही घरी चहा, पाव आणि मुरंबा; सूर्य आपला ढिम्म. स्टेशनवर तुम्ही म्हणाला होतात, ‘भाऊ, जेवनाची आबाळ करू नको रे.’ नाना, आबाळ झाली नाही, अजीर्ण झाले.

आता सगळे उलटे. साडेतीनलाच मावळतो. घरमालकीण मॅकरेबाई (म्हातारी, एकटी, मुलगा मागच्या लढाईत गेला) आधी मला वेडा समजली. हल्ली तिने स्वतःचेच जेवण तीनवर आणले आहे. मुकादम अडीचला सोडतो आणि पोस्टमन सायकलवरून ओरडतो, ‘पोरा, ऊन चालले, पळ!’ सारा गाव माझ्या सूर्यावर डोळा ठेवून आहे. फार माया वाटते हो या लोकांची.

आपला आज्ञाधारक,
सुरेशचंद

ता.क. इथून पुढचे आईला वाचू नका. मंगळवारी वरच्या वाडीहून येताना बर्फात वाट चुकलो, घरी पोचायला सात वाजले. बाई ताटे झाकून बसली होती. तिच्या मुलाचा वाढदिवस. माझ्याशिवाय घास घेणार नव्हती. बाहेर मिट्ट काळोख, घड्याळही बरोबर चालू. मी जेवलो. (बटाटेही होते, आम्हाला कंदमूळही वर्ज्य; एवीतेवी लिहितोच आहे तर तेही.) पाप केल्यासारखे वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. आईला सांगावे की नाही, तुम्हीच ठरवा.

दुसरे ता.क. नको, सांगाच. तिच्याशी मला खोटे वागवत नाही. फक्त तिच्या जेवणाआधी सांगू नका. दिवे लागू द्या, मग सांगा. म्हणजे निदान त्या दिवशी तरी ती माझ्यापायी उपाशी राहणार नाही.