काठापुरती वोडका

प्रिय गंधाली,

पुण्याच्या परिषदेत तुझं भाषण झकास झालं, हे मला धवलच्या स्टेटसवरून कळलं. फोटोत तू मधोमध आणि तो तुला खेटून. आणखीही चार-पाच जण आहेत म्हणा, पण ते मला दुसऱ्यांदा पाहिल्यावर दिसले. आईचा गुडघा बरा आहे. मुलुंडला परत पाण्याची बोंब. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू हसतेस आणि मी विरघळतो, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या पार्ल्याच्या लॅबला माणसं कमी पडत होती, आठवतं? प्यायलेल्या साक्षीदाराला घडलेलं किती आठवतं हे शोधायचं, आणि अख्ख्या मुंबईत प्यायला तयार माणसं मिळेनात, याचं मला भारी हसू आलं होतं. मी येतो म्हटलं. फुकटच्या वोडकासाठी नाही हं. रोज जेवताना धवल असं म्हणाला नि धवलने तसं केलं, हे ऐकून ऐकून तुझा हा सहकारी मला एकदा जवळून बघायचा होता. तुमच्या नाटकातला चोर तोच. खोटी मिशी लावून यायचं, वाट बघत बसलेल्यांच्या देखत पर्स उचलून न्यायची, मग जे पाहिलं त्याची जबानी आम्ही द्यायची.

माझा ग्लास तूच भरून दिलास. कुणाच्या ग्लासात काय, हे भरणाऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं, हेही तूच मला आधी कौतुकाने सांगितलं होतंस. वोडकाचा वास आला, मी ग्लास संपवला आणि थोड्या वेळाने कान तापले, जीभ जड झाली. बाजूच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत तू धवलला मिशी चिकटवत होतीस. ती चिकटली, तरी तुझी बोटं तिथून हलेनात. मग त्याने डोळे मिटून तुझ्या बोटांवर ओठ टेकले, आणि तू हात काढून घेतला नाहीस. नंतर त्याने बाहेर येऊन पर्स चोरली म्हणतात. माझ्या जबानीत त्या पर्सचा रंगसुद्धा नाही.

घरी येताना रिक्षात, पवईच्या सिग्नलला मी तुला त्या खोलीतलं विचारलं. तू हसलीस.

"प्यायलायस तू, मार्तंड. गप्प बस जरा."

मी ते मानलं. त्या एका वाक्याच्या आधारावर इतके आठवडे सुखाने काढले. धवलला घरी जेवायला बोलावलं, सुरमईची मधली तुकडी त्याच्या ताटात वाढली. आतून जळत होतो, पण दारूने डोळ्यांना काहीबाही दाखवलं अशी स्वतःची समजूत घालत होतो. त्याच जेवणात तू आईला सांगत होतीस, की तुमच्या प्रयोगात प्यायलेली माणसं कमी सांगतात, पण मनाने रचून काही सांगत नाहीत.  मी धवलला आणखी भात वाढला.

काल तुमच्या लॅबमधल्या समीक्षाने आम्हा साक्षीदारांना तिथे बोलावलं. प्रयोग संपला की भाग घेणाऱ्याला खरं काय ते सांगायचं, असा तुमचा नियम आहे म्हणे. निम्म्या लोकांना नुसतं टॉनिक वॉटर दिलं होतं. वास यावा म्हणून ग्लासाच्या काठाला तेवढी वोडका पुसलेली. माझा ग्लास त्यातलाच. जीभ कशी जड झाली होती ते मी सांगितलं, तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. जिना उतरताना मात्र रिक्षातलं तुझं वाक्य आठवलं.

त्या खोलीत काय झालं ते मी विचारत नाही. ते मी शुद्धीत पाहिलंय. पण रिक्षात मला प्यायलेला म्हणालीस, तेव्हा माझ्या ग्लासात काय होतं हे जगात फक्त तुला माहीत होतं. रविवारी येशील तेव्हा तुमचा नियम पाळ. ग्लासाचं समीक्षाने सांगितलं. उरलेलं तू सांग.

अजून तरी तुझाच,
मार्तंड