तिला ‘पुरे’, मला ‘परत लिही’

टीचर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची ती चिंचही आता नाही, तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलंय. आणि तरी गेल्या शनिवारी मला तुमचा असा राग आला की जणू तुम्ही समोरच बसला आहात आणि कॉफीचा मोठा टंबलर माझ्यादेखत दुसऱ्याला दिलात. राग तरी कसला, जळलो. तुम्हाला गोल गोल लिहिलेलं आवडायचं नाही म्हणून सरळ लिहितो.

सध्या मी माइक आणि स्पीकर लावायचं काम करतो. लग्नं, चर्चच्या सभा, एकदा तर तंजावुरच्या राजवाड्याच्या आवारात नाचाचा कार्यक्रमही केला, तिथली वटवाघळं स्पीकरच्या आवाजानं सैरभैर झाली होती, पण ते राहू दे. मधल्या काळात मी बरंच भटकलो, वेळांकणीला चालत गेलो, मग नगर-नाशिककडे. तुमचं गाव पाहिलं. तिथले लोक माझं मराठी ऐकून हसायचे, तुम्ही हसायचात तसेच, फक्त त्यात तुमची माया नव्हती. तर शनिवारी पापनाशमच्या चर्चच्या हॉलमध्ये एक शिबिर होतं, ख्रिस्ती पुस्तकं लिहू पाहणाऱ्यांसाठी. निवृत्त लोक, दोन तरुण पास्टर, देवाचा अनुभव साक्ष म्हणून लिहिणाऱ्या बायका, सगळ्यांच्या मांडीवर फाइली. शेवटी प्रकाशकाकडचे एक संपादक हस्तलिखितं घेणार होते. मी गेलो वायरी जोडायला, पण पिशवीत माझंही होतं. तेच, वडिलांवर लिहिलेलं. तुम्ही पाहिलं तेव्हा पातळ होतं, आता जाड झालंय, आणि इतक्या वर्षांत ते मी कुणाच्याही हातात दिलेलं नाही. त्या दिवशी देईन असं घरून ठरवून निघालो होतो. बसमध्ये तो विचार दोनदा बदलला.

बोलायला उभी राहिली ती बाई मला चेहऱ्यानं माहीत नव्हती, पुस्तकानं माहीत होती. इथल्याच शाळेत शिकवते. आईच्या लांबलेल्या आजारपणाबद्दल आणि प्रार्थनेला उत्तर न मिळण्याबद्दल तिनं तमिळमध्ये लिहिलंय. प्रत्येक चर्चच्या पुस्तकांच्या टेबलावर ते असतं. मी ते दर वेळी उचलतो आणि खाली ठेवतो. त्याच्या मागच्या पानावर आहे, मी उत्तरेकडे गेलो त्याच काळात ती तुमच्याकडे लिहिणं शिकायला येऊ लागली, म्हणजे माझ्याच पाटावर बसली असणार, दुसरा पाट तुमच्याकडे नव्हता. तिनं माइक हातात घेतला, माझाच माइक, आणि तुमची वाक्यं बोलायला लागली. प्रकाशकाला पाठवण्याआधी त्यानं काय काय छापलंय ते बघा, कवितेचं बाड प्रवचनं छापणाऱ्याकडे पाठवू नका. बायबलमधले उतारे घेतलेत तर कुठल्या भाषांतरातले ते लिहा आणि परवानगी मागा, वचन देवाचं असलं तरी भाषांतर कुणीतरी घाम गाळून केलेलं असतं. बहिणीला वाचायला देऊ नका, ती रडेल आणि तुम्हाला वाटेल पुस्तक चांगलं झालं. हॉल हसला. मी नॉबवर हात ठेवून बसलो होतो आणि मनात आलं, आवाज थोडा खाली घ्यावा. घेतला नाही. प्रतिध्वनी मात्र किंचित वाढवला, त्यानं माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो.

ती वाक्यं मी ऐकली तेव्हा तुमच्या हातात शेवग्याचा पाला होता. मला अजून दिसतंय, तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पानं ओरबाडताय, चुलीवर डाळ, आणि मी पाटावर बसून माझं प्रकाशकाला लिहिलेलं पत्र वाचून दाखवतोय. शाळा अर्धी सोडलेला मुलगा, पण ऐट काय. मी लिहिलं होतं की हे पुस्तक मला प्रभूनं स्वप्नात सांगितलं, तरी आपण छापावं. आपल्या लोकांत हे सगळेच लिहितात, आणि त्या दिवशी मला वाटलं की याहून भारी वाक्य जगात नाही. तुम्ही पाला ठेवलात. “अरे शहाण्या,” तुम्ही म्हणालात, “देवानं सांगितलंय तर त्या बिचाऱ्या संपादकानं स्वल्पविराम कुठं घालायचा? आणि त्यानं नाही म्हटलं तर तो काय सैतानाचा झाला?” मी म्हटलं, पण टीचर, स्वप्न खरंच पडलं होतं. “पडलं असेल. ते तुझं आणि त्याचं. पत्रात लिही, पुस्तक कशाबद्दल आहे, किती पानांचं आहे, कोण वाचेल. एका कागदात.” मग पाल्यातली एक काडी माझ्याकडे फेकलीत. “आणि पुस्तक परत लिही.”

परत लिही. हे तुम्ही मला किती वेळा म्हणालात. वडील चर्चची घंटा वाजवायचे, झाडलोट करायचे, आणि पास्टरांनी सगळ्यांदेखत एकदा अपमान केल्यावर ते आत येऊन बसायचे बंद झाले. घंटा वाजवायची आणि उपासना संपेपर्यंत बाहेर चपलांपाशी बसायचं, मरेपर्यंत. मी ते शाळेतल्या तमिळमध्ये लिहून आणलं तर तुम्ही म्हणालात, “यात पास्टर फार आहे आणि बाप कमी आहे. हा सूड आहे, साक्ष नाही. परत लिही.” पुढच्या खेपेला म्हणालात, “आता बाप संत झाला. परत लिही.” तुम्ही तमिळ बायकांशी तमिळमध्ये बोलायचात, पास्टरांशी इंग्रजीत, आणि मला मात्र मराठीत ओरडायचात. आमच्या घरात मराठी बोलायचे पण वाचता कुणालाच येत नव्हतं, अक्षरं मला तुम्ही शिकवलीत. मला वाटायचं, तंजावुरात तुमचं मराठी एकट्या माझ्या वाट्याला आलंय. ते ओरडणंसुद्धा मी साठवून ठेवलं होतं.

तर ती बाई बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, आमच्या टीचरांनी मला त्यांच्या मातृभाषेतला एक शब्द दिला. लिहिणाऱ्याला थांबता आलं पाहिजे. माझी पानं ऐकून त्या म्हणाल्या, पुरे. तमिळ जिभेवर तो शब्द जड होतो, पण तिनं तो नीट उच्चारला, शिकवल्यासारखा. मग म्हणाली, सगळ्यांनी म्हणा. आणि पापनाशमच्या हॉलमधले ते सगळे पेन्शनर आणि साक्षीवाल्या बायका एका सुरात म्हणाले, पुरे. माझ्या स्पीकरमधून. टीचर, मला तुम्ही तो शब्द एकदाही दिला नाहीत.

जेवणाला सगळे बाहेर गेले, लिंबूभात आणि अप्पळम, म्हणजे पापड, होते. मी वायर गुंडाळण्याचं सोंग करत होतो. ती परत आत आली, पाण्याची बाटली विसरली होती, आणि माझ्याकडे बघून धाकट्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, “तंबी, तुम्ही ते मराठी तंबी का? घंटावाल्यांचे?”

“तुम्हाला कुणी सांगितलं, अक्का?”

“टीचर सांगायच्या. रोज. तो पोरगा एकच गोष्ट परत परत लिहितो आणि तू एकदा लिहून हात झटकतेस, म्हणायच्या. तुम्हाला न बघता मला तुमचा वीट आला होता.”

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिला खुर्ची पुढे केली. मग विचारलं, मग त्या पुरे कधी म्हणाल्या? ती बसली. “ते हॉलमध्ये सांगते ते छान वाटतं,” ती म्हणाली. “खरं म्हणजे तेव्हा त्यांना पानं धरवत नव्हती. मी वाचायचे, त्या डोळे मिटून पडायच्या. शेवटचा भाग अर्ध्यात आला आणि त्यांनी हात वर केला. पुरे. मी विचारलं, झालं का पुस्तक, टीचर? तोवर त्या झोपल्या. पुस्तक झालं म्हणून म्हणाल्या, की माझ्याच्यानं याहून होणार नाही म्हणून, की नुसत्या दमल्या होत्या, मला आजतागायत माहीत नाही. मी ते झालं असं धरलं आणि पाठवून दिलं.”

“आणि लोकांना शिकवता?”

“मग काय शिकवू? दमलेल्या म्हातारीला त्रास दिला, हे?”

मी हसलो, तीही हसली, तिचे डोळे मात्र हसले नाहीत. तुमच्या उशाशी ती होती. तुमच्या तोंडाला पाणी तिनं लावलं असेल आणि मी तेव्हा नाशिकच्या स्टँडवर कुणाच्या तरी द्राक्षांच्या पेट्या उतरवत होतो. शब्दाचं सोडा टीचर, आता मी या गोष्टीवर जळतो. आणि जळता जळता एक कळलं, ते तुम्ही शिकवलेलं नाही. मला पुरे म्हणायला तुम्ही काही परत येणार नाही. मी वाट बघत होतो. इतकी वर्षं ती पानं घासत होतो ती पुस्तकासाठी नव्हतीच.

दुपारी संपादक टेबलावर बसले, रांग लागली. मी माइक बंद केला आणि रांगेत उभा राहिलो. सोबतचं पत्र एका कागदात होतं, त्यात स्वप्न नव्हतं. वडिलांचा शेवटचा भाग मला अजून पटलेला नाही, ते चपलांपाशी बसतात तिथं मी फार बोलतो, पण ते तसंच दिलं. संपादक म्हातारे होते, पहिलं पान तिथंच वाचलं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, “चांगलं घडवलेलं दिसतंय. तुम्हीही टीचरांच्या हाताखालचे का? आज इथं बरेच जण तेच सांगतायत.” ती बाई बाजूलाच उभी होती, ऐकत.

मी नाही म्हणालो. म्हणालो, आपलं आपणच शिकलो. हे तुम्हाला आवडणार नाही, पण टीचर, त्या रांगेत तुमचे सगळेच होते, आणि मला तुम्ही वाटून घ्यायच्या नव्हत्या.