जोडाच्या आत

प्रिय धाकट्या,

तुझे दोन फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. हे बोलण्यापेक्षा लिहिणं बरं वाटलं.

आमच्या प्रयोगशाळेचं नवं दालन सुरू झालं. मी नोकरीला लागले तेव्हा अणुभट्टीच्या भिंतीत आमच्या वाट्याचं एकच भोक होतं. त्यातून येणाऱ्या न्यूट्रॉनांपुढे मिठाचे खडे धरायचे आणि आकड्यांची वाट बघत बसायचं. ताई सरकारी खर्चानं मीठ मोजते, असं तू चिडवायचास. पुढे अतिथंड हायड्रोजनमधून नेऊन न्यूट्रॉन मंद करता आले, मग आरशासारख्या गुळगुळीत नळ्यांतून ते लांबवर नेता आले. आता लोक बॅटऱ्या, औषधं, विमानाची पाती घेऊन रांग लावतात. जाड पोलादात क्ष-किरण दमतात, तिथूनही न्यूट्रॉन आरपार जाऊन आतलं चित्र आणतात.

म्हणूनच तू बाबांनी जोडलेल्या पाइपाचा तो तुकडा आणून दिलास. बाबांनी वेल्डिंग केलेला बॉयलरचा तो पाइप फुटून त्यांच्या मदतनिसाचा चेहरा भाजला, आणि दोष वेल्डिंगचा आहे असं तपासनीस म्हणून लिहून दिलं ते काकांनीच. त्या दिवशी ते घरी आले तर बाबांनी दारातच विचारलं, "भाऊ म्हणून आलायस की साहेब म्हणून?" काका उंबऱ्यावरूनच परत गेले. बाबांची नोकरी गेली, काकांचं घर आपल्याला कायमचं तुटलं. पाइपच नासका होता, हे बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले आणि आपण ते गाठीला बांधून मोठे झालो.

तुकड्याचं चित्र आलं तेव्हा तो कुणाचा हे न सांगता मी सहकाऱ्याकडून वाचून घेतलं. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता. पाइपाचं पोलाद चांगलं आहे. जोड वरून सुबक आहे, पण आत धातू मुळापर्यंत एकजीव झालेलाच नाही. तुकडा फिरवून पुन्हा चित्र घेतलं. तेच दिसलं. बाबांना घाई होती की उजेड कमी पडला, हे न्यूट्रॉन सांगत नाहीत. झोतात राहून तुकडा किंचित किरणोत्सारी झालाय, म्हणून तूर्त शिशाच्या कपाटात ठेवलाय.

बाबांना निर्दोष ठरवायला कोर्टात जायची तुझी तयारी थांबव. पण पत्र त्यासाठी नाही. काका अंथरुणाला खिळलेत, असं चुलतबहिणीनं कळवलंय. पण ते अजून माणसं ओळखतात. रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन चित्रात काय दिसलं ते सांगणार आहे. त्यांना ते ठाऊकच आहे, फक्त आपल्या तोंडून त्यांनी कधी ऐकलेलं नाही. तू येणार असलास तर स्टेशनवर थांबेन. नाही आलास तरी राग नाही, पण तिथे मी ‘आम्ही चुकलो’ असंच म्हणणार आहे.

तुझीच,
ताई