नायगऱ्याचा तो फोटो

२० मे २००६, शनिवार. ट्रॉय, मिशिगन

कॅमेरा आला! दहा एक्स ऑप्टिकल झूम आणि तरी शर्टाच्या खिशात मावतो. केदारच्या मते मावत नाही, खिसा लोंबतो. केदार माझा रूममेट. पुण्याचा. दुसऱ्याच्या नव्या वस्तूत खोट काढली नाही तर त्याला जेवण जात नाही.

नागपूर सोडून दोन वर्षं झाली आणि आपण अमेरिकेत पाहिलं काय? ऑफिस, अपार्टमेंट आणि पटेलचं दुकान. आता बास. आजपासून ट्रॅव्हल फोटोग्राफी. दर महिन्याला एक ट्रिप. पन्नासच्या पन्नास राज्यं. रोज सकाळी सहाला उठून सूर्योदयाची प्रॅक्टिस.

पुढच्या वीकेंडच्या मॅकिनॅक ट्रिपला शिवांगी येणार आहे, हे मला कॅमेरा ऑर्डर केल्यावर कळलं. म्हणजे आदल्या दिवशी कळलं होतं, पण ऑर्डर करायचं मनात आधीपासूनच होतं.

२१ मे, रविवार

साडेनऊला उठलो. सूर्योदय उद्यापासून.

मॅन्युअल वाचलं. पोर्ट्रेट, स्नो, फायरवर्क्स, शिवाय एक बेबी मोड आहे. बाळाची जन्मतारीख भरून ठेवली की प्रत्येक फोटोवर त्याचं वय येतं. तूर्त गरज नाही. पण असलेलं बरं.

२७ मे, शनिवार. मॅकिनॅक बेट

राजीवदादांच्या मिनीव्हॅनमधून आलो. राजीवदादा आणि दीपावहिनी इथे बारा वर्षं आहेत. ग्रीन कार्ड, स्वतःचं घर, मागे डेक. आम्हा सगळ्या सड्याफटिंगांचे ते इथले आईबाप.

बेटावर मोटारींना बंदी, सगळीकडे घोडागाड्या. घोडे फार छान आले. घोडा पोझ देत नाही आणि 'डिलीट कर' म्हणत नाही.

शिवांगी आमच्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. ठाण्याची. बोटीवर ती मला म्हणाली की तू काढतोयस ना फोटो, मग मी निश्चिंत. 'निश्चिंत' हा शब्द मुलगी सहसा कुणालाही वापरत नाही. वडिलांना वापरते, नाहीतर नवऱ्याला.

मी बोटीच्या या टोकाला, ती त्या टोकाला. केदार म्हणाला, जवळ जाऊन बोल ना यार. त्याला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत. दहा एक्सला ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. आणखी जवळ जाणं बरं दिसलं नसतं.

६ जून, मंगळवार

अल्बम अपलोड करून सगळ्यांना लिंक पाठवली. शिवांगीचं उत्तर आलं, 'ऑसम', आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. राजीवदादांनी जीपीएस घेतल्याची मेल केली होती तेव्हा तिनं एकच टाकलं होतं. मी शोधून पाहिलं.

३ जुलै, सोमवार. नायगरा

कॅनडातून सरळ गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो. पण आमच्यापैकी तिघांकडे कॅनडाचा व्हिसा नाही, म्हणून ओहायोवरून मधल्या अख्ख्या तळ्याला वळसा. चांगला देखावा म्हणे कॅनडाच्या बाजूनं दिसतो. मी झूम करून कॅनडाच काढला. त्याला व्हिसा लागला नाही.

आणि आज तो फोटो मिळाला. शिवांगी कठड्याला टेकून उभी, बोटीवरचा निळा प्लास्टिकचा रेनकोट नुकताच काढलेला, केस ओले, मागे तुषारांत अर्धवट इंद्रधनुष्य. मी लांब आइस्क्रीमच्या गाडीपाशी होतो. पूर्ण झूम केला. आणि तिनं माझ्याकडे बघितलं आणि हसली. नुसती फोटोला हसतात तशी नाही. मनापासून, डोळे बारीक करून. माझा हात हलला, तरी फोटो स्थिर आला. असं काही आयुष्यात उगाच घडत नाही.

परतीच्या प्रवासात ती पुढच्या सीटवर आणि मी मागे, बॅगांशेजारी. सात-आठ तास काही बोललो नाही. गरजही वाटली नाही.

९ जुलै, रविवार

तिचा फोन! कामाशिवायचा पहिला. नायगऱ्याचा फोटो 'फार म्हणजे फारच' आवडला. तिला ओरिजिनल फाइल हवी आहे, कोपऱ्यातलं केदारचं कोपर कापून. घरी पाठवायचा आहे. आणि असाच एखादा उभा, पूर्ण, पायांपर्यंतचाही आहे का, असं विचारत होती.

केदारचं कोपर कापताना मला जितकं बरं वाटलं तितकं त्याच्या तोंडावर कधीच काही बोलता आलेलं नाही.

घरी पाठवणार म्हणजे घरचे विचारणारच, की काढला कुणी. मग तिला माझं नाव सांगावं लागणार. मुलगी किती हुशारीनं पावलं टाकते आहे!

२२ जुलै, शनिवार

आज दीपावहिनींनी खास बोलावून घेतलं. कॅमेरा घेऊन ये म्हणाल्या. गेलो तर शिवांगी मोतिया रंगाची साडी नेसून डेकवर उभी. मला दोन मिनिटं लेन्सचं झाकण सापडेना. या कॅमेऱ्याला वेगळं झाकण नाही, लेन्स आपोआप बंद होते, हे नंतर आठवलं.

वहिनीच सगळं सांगत होत्या. एक जवळून, एक पूर्ण. एक चष्मा लावून, एक काढून. चपला दिसू देत, म्हणजे उंचीबद्दल कुणाला शंका नको. मी म्हणालो, मला काहीच शंका नाही. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

म्हणजे वहिनींना कळलेलं आहे! त्याच हे जुळवून आणतायत. थालीपीठ करून घातलं, वर लोण्याचा गोळा. इतकं लोणी राजीवदादांनाही मिळत नाही.

६ ऑगस्ट, रविवार

आईचा नागपूरहून फोन. अमरावतीची शरयू म्हणून एक मुलगी आहे, एम.एस्सी., गाते, घरचे लोक साधे. त्यांनी माझा फोटो मागितलाय. मी सरळ सांगितलं, आता स्थळं बघू नका. आईनं विचारलं, कोणी आहे का? मी म्हणालो, आहे असंच समज. आई रडायला लागली. आनंदानं. बाबांना हाक मारून सांगितलं. बाबांनी फोन घेऊन विचारलं की मुलीचा होकार आहे ना? मी म्हणालो, आता फक्त बोलायचं बाकी आहे.

जे खरं आहे तेच सांगितलं.

२७ ऑगस्ट, रविवार. गणपती

राजीवदादांकडे गणपती. आरतीचे फोटो काढले. शिवांगी बराच वेळ बाहेर डेकवर फोनवर होती. काचेतून दिसत होती, गालावर हात ठेवून बोलत होती. ठाण्यालाच बोलत असणार, आणि विषय कोणता ते मी सांगायला नको. एकदा माझ्याकडे बघून तिनं हातही केला. मी कॅमेरा वर केला तर मान हलवून नको म्हणाली. लाजली.

केदार म्हणाला, यार, तू तिला काही विचारलंयस का? मी म्हणालो, सगळं विचारावं लागतं असं नाही. त्यानं माझ्या पानात त्याचा मोदक वाढला. पुण्याचा माणूस आपला मोदक देतो म्हणजे जरा विचित्रच.

२३ सप्टेंबर, शनिवार

ठरलं. सात ऑक्टोबरला सगळे वर अपर पेनिन्सुलाला फॉल कलर्स, लाल-पिवळी पानं, बघायला जातोय. तिथे टाकॉमिनन धबधबा आहे, पाणी चहाच्या रंगाचं. तिथे विचारायचं. आधी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तिला मॅकिनॅकपासूनचे सगळे फोटो दाखवीन. शेवटी नायगऱ्याचा. मग म्हणीन, 'शिवांगी, हे मी आयुष्यभर करायला तयार आहे.' वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं वाटतं. केदारनं बाथरूमचं दार वाजवलं.

३० सप्टेंबर, शनिवार

ट्रिपला एक माणूस वाढला. कुश म्हणून कुणी आहे, टेक्ससमध्ये फ्रिस्कोला असतो, इथेच वाढलेला. शिवांगीच्या आईवडिलांच्या ओळखीतला. मिशिगन कधी पाहिलं नाही म्हणे. विमानानं येतोय. एवढ्या लांबून पानं बघायला! हौस असते एकेकाला. बॅगांशेजारी त्याला बसवू.

७ ऑक्टोबर, शनिवार. टाकॉमिनन

बॅगांशेजारी मीच बसलो. पाहुण्याला मागे बसवणं वहिनींना बरं वाटलं नाही. तो मधल्या रांगेत, शिवांगी त्याच्या शेजारी.

पार्किंगमध्ये उतरल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांनी धरला. त्याचं मराठी मोडकंतोडकं आहे, पण मला कळलं. म्हणाला, तो नायगरावाला शॉट तू घेतलास? ड्यूड, थँक यू. आईनं बारा बायोडेटा पाठवले होते, मी एकही उघडला नव्हता. हा फोटो बघितला आणि म्हटलं, हिला भेटायचंय.

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी माझ्याकडे बोट दाखवून कौतुकानं म्हणाल्या, परीक्षितचा हातच चांगला आहे. साडीतलेही त्यानंच काढले, नाहीतर स्थळांना काय पाठवलं असतं आम्ही?

स्थळांना.

एक जवळून. एक पूर्ण. चष्म्याचा आणि बिनचष्म्याचा. माझ्या स्वतःच्या बहिणीचे असेच फोटो नागपूरला धंतोलीच्या स्टुडिओत काढले होते, स्टूल मीच धरलं होतं. आणि मला कळलं नाही. कसं कळलं नाही?

धबधब्यापाशी कुश म्हणाला, आम्हा दोघांचा घेशील? घेतला. चार वेळा घेतला. नंतर फॉल कलर्सही काढले. लाल पानं खूप होती.

८ ऑक्टोबर, रविवार

काल लिहिताना घाई झाली. नीट विचार केला तर अजून काही बिघडलेलं नाही. कुश ज्या हसण्यावर भाळला ते हसणं कुणाकडे बघून होतं? माझ्याकडे. त्या फोटोत दिसते ती मुलगी मला दिसली होती, त्याला नाही. याची तिला नुसती आठवण करून द्यायचा अवकाश आहे.

संध्याकाळ. परत येताना पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा ती एकटी होती. मी गेलो. कॅमेऱ्याशिवाय, अगदी शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, नायगऱ्याला तू अशी का हसलीस गं? तिला पटकन आठवेना. मग आठवलं. म्हणाली, अरे, आइस्क्रीमच्या गाडीपाशी केदारच्या हातातला बर्गर सीगलनं पळवला नव्हता का! आणि पुन्हा तशीच हसली. डोळे बारीक करून. म्हणाली, तू तिथे होतास हे मला फोटो आला तेव्हा कळलं.

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मीच पुन्हा पुन्हा आठवून बघतोय, एखादा वाकडा शब्द सापडला तर रागावता येईल. सापडत नाही. गाडीत सगळे भेंड्या खेळत होते. मी झोपल्याचं सोंग केलं.

२१ ऑक्टोबर, शनिवार. लक्ष्मीपूजन

राजीवदादांच्या घरी साखरपुडा. कुशचे आईवडील फ्रिस्कोहून आले, शिवांगीचे वेबकॅमवर. वहिनींनी आठवडाभर आधी फोन करून विचारलं होतं, फोटोंचं तू बघशील ना? मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून 'हो, बॅटरी चार्ज करून ठेवतो' असं निघालं.

अंगठी घालताना ती अंगठीकडे नाही, कुशकडे बघत होती. तो फोटो उत्तम आलाय. ती खूप आनंदात होती. तिला तशी बघून मला आनंद होईल असं वाटलं होतं. मोठी माणसं म्हणतात, होतो. मला नाही झाला. मी जेवलो नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. फोटो काढणारा नंतर जेवतो हे सगळ्यांना माहीतच असतं.

आईला फोन करून सांगितलं, ते जमलं नाही. आईनं कारण विचारलं नाही, जेवलास का तेवढं विचारलं. मग म्हणाली, शरयूचं ठरलं हं, नाशिकला दिली.

१२ नोव्हेंबर, रविवार

शिवांगीचा फोन. जानेवारीत ठाण्याला लग्न, मग फ्रिस्को. आवाज आनंदी. म्हणाली, तुझ्यामुळे जमलं, आता तुझं जमवायची जबाबदारी माझी. पुण्याला तिची मावसबहीण आहे, कादंबरी. फार गोड मुलगी. मला अगदी शोभेल. तुझे दोन चांगले फोटो पाठव, म्हणाली, तू काय, फोटोंचा राजा.

लॅपटॉपवर सगळे फोल्डर उघडले. घोडे. पूल. कॅनडा. पानं. शिवांगी. राजीवदादा पोळी लाटताना. मी एकाही फोटोत नाही.

मग केदार म्हणाला, ऊठ, दाढी कर, मी काढतो. इस्त्रीचा निळा शर्ट घातला. हॉलच्या भिंतीपाशी उभा राहिलो. केदारला कॅमेरा नीट धरता येत नाही, पण आज मी शिकवायला गेलो नाही. तो म्हणाला, हास. मी म्हणालो, हसतोय ना. त्यानं कॅमेरा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. बरं म्हणाला आणि काढला. मग आणखी काढले, बरेच. मध्ये एकदा पाणी आणून दिलं. शेवटी म्हणाला, राहू दे यार, पुढच्या वीकेंडला बघू.

आत्ता ते लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. एकाही फोटोत हसू आलेलं नाही. प्रत्येक वेळी मी हसत होतो. मला नक्की आठवतंय.